गिऱ्हाईक खूश आहेत

“हे अर्धवटच राहिलं ना?” मी विचारलं.

फ्रेमवाले काका काच पुसत होते. “नाही ताई. सही केलीय, ती बघा. सही केल्याशिवाय तुमचे बाबा चित्राला माझ्या दुकानाची पायरी चढू द्यायचे नाहीत.”

सही होती. टेबलाची कड रेखीव होती, टेबलावरच्या कापडाची किनार धाग्याधाग्यानं काढलेली होती, मागच्या भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा ओळखू येत होता. मधे मात्र, चित्रामागे बाबांनी लिहिलेल्या नावाप्रमाणे जिथे किटली असायला हवी, तिथे एक करडा, धुरकट गोळा होता. ओल्या रंगावरून कुणी तळहात फिरवावा तसा.

“गेले काही महिने असंच चाललं होतं,” काका म्हणाले. “मला वाटलं, नवी पद्धत असेल. चित्रकाराला कोण विचारणार, बाबा रे, किटली कुठाय म्हणून?”

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. झोपेतच गेले. भेटायला आलेला प्रत्येक जण त्यांना नशीबवान म्हणत होता.

काकांनी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सवयीनं विचारलं, “गिऱ्हाईकाला काय सांगू?” मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि ते उगाच दोरा शोधू लागले.

गिऱ्हाईक मीच होते.

बाबांनी जन्मभर चित्रं काढून घर चालवलं. मासिकांची मुखपृष्ठं, औषधाच्या कॅलेंडरवरची गुबगुबीत बाळं, कचेऱ्यांच्या जिन्यात लावायला संस्थापकांची माणसाएवढी तैलचित्रं. नोकरी कधीच केली नाही, त्यामुळे पेन्शन नाही. पुढे ही सगळी कामं संगणकावर होऊ लागली आणि त्यांच्याकडे येणारी माणसं कमी होत होत थांबली. मी कॉलेजात शिकवते, माझा पगार बरा आहे. दर महिन्याला थोडे पैसे देऊ का, असं एकदाच विचारलं.

“लेकीच्या पैशावर जगायला मी काय म्हातारा झालोय?”

“एकाहत्तर पूर्ण झाली, बाबा.”

“ते वय झालं. म्हातारपण वेगळं.”

“मग आराम तरी करा.”

“आराम नोकरदार करतात. आमच्यात त्याला बेकारी म्हणतात.”

म्हणून मी काकांना गाठलं. परगावचे एक सद्गृहस्थ आहेत, चित्रांचे शौकीन आहेत, पण कुणाला भेटत नाहीत. दर दोन महिन्यांनी एक चित्र घेतील, पैसे आगाऊ देतील. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “थाप माझ्या तोंडून जाणार. पाप मात्र निम्मं निम्मं हं, ताई.”

चित्राचा आकार मी ठरवला. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात मावेल एवढा. बाबा माझ्याकडे येत, तेव्हा चित्रं भिंतीवर लावणं शक्य नव्हतं. माणसाएवढी चित्रं काढणाऱ्या त्या हाताला मी दीड वितीचं कापड दिलं, आणि तेव्हा त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

फ्रेम काका करत; पण पार्सल बाबा स्वतः बांधत. खाकी कागद, सुतळी, वर क्रमांक आणि तारीख. मी पहिली दोन उघडली. पुढची तशीच खणात सरकवली. उघडलं की पुन्हा बांधा, असं नवऱ्याला सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. मला चित्रं नकोच होती. बाबांचं नीट चालावं एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी पार्सल उघडायची गरज नव्हती.

काकांना मी एकच वाक्य पढवून ठेवलं होतं. बाबांनी काहीही विचारलं तरी म्हणायचं, गिऱ्हाईक खूश आहेत, पुढचं पाठवा म्हणाले.

त्या दिवशी दुकानातून घरी आले आणि चोविसावं चित्र मांडीवर ठेवून खणासमोर जमिनीवर बसले. किटली कधीपासून नाहीशी झाली, ते मला बघायचं होतं. कात्रीनं एकेक सुतळी कापत गेले. तांब्याचं भांडं, काचेचा पेला, चष्मा आणि पुस्तक. सतराव्यापर्यंत सगळं लखलखीत होतं. पेल्यातल्या पाण्यात खिडकी दिसत होती. अठराव्यात पेरूवर डाग पडल्यासारखा वाटला.

एकोणिसाव्याच्या कागदाखाली पाकीट होतं. अक्षर बाबांचं, ओळी मात्र तिरप्या.

“स. न. वि. वि. सोबतच्या चित्रातला जांभळा मी जांभळा समजून लावला आहे. तसा नसल्यास क्षमा असावी. मला समोरचं मधलं दिसेनासं झालं आहे, कडा तेवढ्या दिसतात. डॉक्टर म्हणतात, यावर उपाय नाही. आपण तीन वर्षं होऊन गेली तरी एकदाही उशीर केला नाहीत, उणा शब्द काढला नाहीत. अशा माणसाचं काम आपणहून सोडणं मला जमत नाही. आपण थांबा म्हणालात, तर थांबेन. शिल्लक टाकली आहे, माझं भागेल. फ्रेमवाल्यांजवळ डोळ्यांचं बोलू नये, ही विनंती. त्यांच्याकडून माझ्या मुलीला कळेल, आणि ती आधीच फार करते. तेवढं ‘पुरे’ असं कळवावं.”

तारीख दहा महिन्यांपूर्वीची होती.

त्या महिन्यात बाबा दुकानात गेले असतील. काउंटरला धरून उभे राहिले असतील आणि सहज विचारावं तसं विचारलं असेल, काय म्हणाले आपले साहेब? आणि काकांनी माझं वाक्य सांगितलं असेल.

त्यानंतर त्यांनी पाच चित्रं काढली.

मी बाबांना पेन्शन देत होते, असं समजत होते. उतारवयात मी त्यांना नोकरी लावून दिली होती, आणि राजीनामा माझ्या कपाटात पडून होता.

मग एकेक आठवू लागलं. एका रविवारी मी त्यांचं टेबल आवरलं, रंगाच्या नळ्या डब्यात नीट भरल्या. ते कधी नव्हे ते ओरडले, “हात कुणी लावला याला? आता निळा कुठे शोधू मी?” निळा अगदी वरच होता. म्हातारे हेकट होतात, असं मी घरी येऊन नवऱ्याला हसत सांगितलं. आणखी एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं होतं, “आमचे साहेब कसे असतील गं? एकटे असणार. लहान चित्रं घेतात, म्हणजे खोली लहान असणार.”

“असतील,” मी म्हणाले.

“वाचत असतील ना पत्रबित्र आलेलं? की असंच ठेवून देत असतील?”

मी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होते. “वाचत असतील की,” असं म्हणून पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. काकांनी शटर वर केलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही.

“गिऱ्हाईकाचा निरोप आहे,” मी म्हणाले.

ते कसनुसं हसले. माझा चेहरा पाहून थांबले. “काय म्हणतायत?”

“पुरे म्हणाले.”

काका मागे वळले. काउंटरमागे कामांच्या चिठ्ठ्यांची तार होती. तिच्यात सगळ्यात खाली, चार वर्षांच्या धुळीनं काळवंडलेली बाबांच्या कामाची चिठ्ठी होती. तिच्यापर्यंत पोचायला त्यांना वरच्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून काढाव्या लागल्या. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि बाकीच्या होत्या त्याच क्रमानं परत तारेत ओवू लागले.

चिठ्ठीवर काकांच्या अक्षरात, मी सांगितलेला आकार लिहिलेला होता. खाली बाबांनी पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: थोडं मोठं चालेल का, विचारावे.