धुतलेला पंप

आक्कानं काठीनं खाद्याचा डबा बडवला, पण तळं जागचं हललं नाही. एरवी पहिल्याच ठोक्याला मासे एकमेकांच्या अंगावर चढायचे. आज दोन-चार आडवे होत वर आले, हवेसाठी तोंडं वासली आणि खाद्याकडे न बघताच बुडाले.

"हाताला यशच नाही," मागून भावजय म्हणाली. "संसाराला लावला, तो गेला. आता तळ्याला लावलाय."

आक्कानं डबा खाली ठेवला. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे आली, तेव्हा घरामागच्या या खड्ड्यात बेडूकसुद्धा राहायला तयार नव्हते. तिनं गाळ उपसला, बोटाएवढी पिल्लं सोडली, जीव लावून वाढवली. मासे विकले जायला लागले तसं भावजयीच्या तोंडचं 'आयतं खाणारी' बंद झालं आणि आक्काचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जायला लागलं. तळं होतं म्हणून ती या घरात बहीण होती, नाहीतर नुसतं ओझं.

माशांचा डॉक्टर आला. त्यानं मेलेल्या माशाचा कल्ला उचलून दाखवला. लालभडक असायचा तो फिकट पडला होता, चिकट शेंबडानं भरला होता.

"तणनाशक," तो म्हणाला. "कल्लेच गेलेत, श्वास कशानं घेणार? इथं फवारणी कोण करतं?"

"मीच करतो," अंगणात पंपाची नळी पुसत बसलेला धाकटा म्हणाला. लोकांच्या शेतात तणनाशक मारणं हाच त्याचा धंदा. "पण लांब, पार पलीकडे. इथं थेंब येत नाही. आक्काच काहीतरी सडकं खाद्य घालत असेल."

आक्कानं त्याच्याकडे पाहिलं. तो नळीच पुसत राहिला.

संध्याकाळी ती तळ्यात पाणी येतं त्या पाटाच्या तोंडाशी गेली. धाकटा उकिडवा बसून पंप विसळत होता. आतून, बाहेरून, झाकणाच्या खाचासुद्धा. वापरलेली वस्तू धुऊनच घरात आणायची, हे वळण त्याला आक्कानंच लावलेलं. आई नव्हती, तेव्हा पाठीत धपाटे घालून लावलेलं.

"रोज इथंच धुतोस?"

"वाहतं पाणी आहे, आक्का. जातं वाहून."

"कुठं जातं?"

त्यानं पंप पालथा घातला. पांढुरकं पाणी पाटातून तळ्याकडे निघालं.

"घरात हिला सांगू नकोस," तो म्हणाला. "बोलून बोलून जीव खाईल माझा. तुझं काय, तुला सवय आहे ऐकून घ्यायची."

आक्काला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण हात उचलला तर राहायचं कुठं, हेही लगेच आठवलं.

"आणि सकाळी डबा वाजव. जिवंत आहेत ते काढू. बाजारात कोण कल्ले उचलून बघतंय."

सकाळी तिनं रिकामा डबा वाजवला. ज्यांच्यात त्राण होतं ते तिच्या भरवशावर काठाला आले आणि धाकट्यानं जाळं ओढलं. तळं रिकामं झालं तरी तिची काठी थांबेना.

"पुरे की आता," भावजय म्हणाली. "कोण राहिलंय यायला?"

दुपारी आक्काचं ताट सगळ्यांची जेवणं उरकल्यावर वाढलं गेलं. तिनं ते संपवलं, स्वच्छ घासलं आणि पालथं घातलं.