झालर घातलेली पिंपं

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या गोदामातली मांजरसुद्धा सांगेल. पण सुट्ट्यांच्या हंगामात आमच्या, पार्टीचं सामान भाड्याने देण्याच्या धंद्यात डोकं शांत ठेवणारा माणूस मला कुणी दाखवावाच. वर्षभर खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसून धूळ खातात, आणि सुट्ट्या लागल्या की अख्ख्या शहराला एकदमच पार्टी करायची असते. कुणाला टेबलं हवीत, कुणाला दिव्यांच्या माळा, कुणाला पोरांना उड्या मारायला हवेचा किल्ला. सगळ्यांना सगळं कालच हवं असतं.

बाबा होते तोवर धंदा बेताचा होता. ते गेल्यावर मी आणि माझी धाकटी बहीण, दोघं मिळून चालवतो. तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणतात. मी गोदाम सांभाळतो, ती गिऱ्हाइकं. दोन-तीन हंगामांत तिने धंदा असा काही वाढवला की रस्त्यात कुणी आमचं कौतुक केलं तर मला वाटायचं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. यंदा तिने मोठा मंडप आणला. पांढराशुभ्र, उंच, आत एक शाळा मावेल एवढा. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, हा पांढरा हत्ती पोसणं आपल्याला झेपणार नाही, परत कर. ती म्हणाली, "दादा, तू खुर्च्यांचे पाय बघ, मंडपाचं मी बघते." त्यानंतर मी ते रोज म्हणत राहिलो आणि ती रोज कानामागे टाकत राहिली.

त्यात तिची नवी पद्धत. आधी प्रत्येक पार्टीनंतर सामान गोदामात यायचं, मी हात लावून बघायचो, मगच पुढे जायचं. यंदा तिने ते बंद केलं. सामान एका पार्टीवरून सरळ दुसरीकडे. टेम्पोवाले काका उचलणार, पुढच्या जागी उतरवून निघून जाणार. मंडपाचा मिस्त्री आपली माणसं घेऊन मागाहून येणार आणि उभारणार. दोघांची गाठसुद्धा पडायची नाही. वेळ वाचत होता, हे मीही नाकारत नाही.

त्या दिवशी मोठा मंडप एका कारखान्याच्या आवारात होता. कामगारांच्या कुटुंबांचं वर्षाचं स्नेहसंमेलन, म्हणजे म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, सगळं आलं. धाकटी स्वतः तिथे थांबली होती. दुपारी मी गोदामात टेबलक्लॉथवरचे डाग घासत होतो आणि मनातल्या मनात डाग पाडणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. वारा सुटला होता. छपरावरचा प्लास्टिकचा कागद मधूनच फडफडायचा, म्हणून मी वर दगड ठेवायला शिडी शोधत होतो. तेवढ्यात टेम्पोवाले काका आले, चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर टेकले आणि खुशीत म्हणाले, "ताईंचं डोकं भारी आहे हं. झालरी काढायच्याच नाहीत म्हणाल्या. पिंप झालरीसकट उचलायचं, झालरीसकट ठेवायचं. केवढी कटकट वाचली."

ही पिंपं काय, ते सांगतो. मातीवर मंडप उभा करायचा तर खुंट्या ठोकतात. सिमेंटच्या आवारात खुंटी कुठे जाणार? तिथे प्रत्येक खांबाशी पाण्याने भरलेलं पिंप ठेवायचं आणि खांब त्याला दोराने जखडायचा. भरलेलं पिंप दोघांनी रेटलं तरी हलत नाही. दिसायला मात्र ओंगळ, म्हणून त्याला कापडी झालर. बाबांपासूनचा आमचा नियम असा, की आधी पाणी भरायचं, पिंप वाजवून बघायचं, आणि मगच झालर चढवायची. झालर दिसली की पिंप भरलेलं. पुन्हा कुणी तपासत बसायचं नाही. हा नियम मी एकेका माणसाच्या डोक्यात हातोड्याने ठोकलेला आहे.

"पाणी?" मी विचारलं.

"ते ओतून टाकलं की. भरलेली पिंपं काय मी डोक्यावर नेणार होतो?"

"आणि कारखान्यात पोचल्यावर?"

"खुणा केलेल्या होत्या तिथे मांडली आणि निघालो. भरायचं काम मिस्त्रीचं ना?"

मी मिस्त्रीला फोन लावला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरंच काहीतरी उभारत होता. मी विचारलं, पिंपं भरलीस का. तो म्हणाला, "भरलेलीच होती, साहेब. झालरी होत्या ना सगळ्यांना. आम्ही दोर बांधले आणि निघालो." मग जरा घुटमळून म्हणाला, "का हो? तुम्हीच तर शिकवलंय."

माझा नियम आपल्या जागी ठीक होता, तिचाही ठीक होता. दोन्ही एकत्र आले आणि तो एवढा थोरला मंडप रिकाम्या डब्यांना बांधून उभा राहिला होता. खाली शेकडो माणसं होती. माझी बहीण होती.

मी तिला फोन लावला. तिने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग तिचा मेसेज आला: "पार्टी चालू आहे दादा. चमचे नंतर."

चमच्यांचं खरं होतं. सकाळीच मी तिला चमच्यांवरून फोन केला होता. त्याआधी इस्त्रीवरून, त्याआधी कुणीतरी खुर्ची ओढत नेली म्हणून. हंगामभर माझा हाच उद्योग. सकाळी ती वैतागून म्हणाली होती, आज पुन्हा फोन केलास तर मी उचलणार नाही. मी घाईघाईने लिहिलं, "पिंपं रिकामी आहेत, माणसं बाहेर काढ." मेसेज पोचला, पण तिने उघडला नाही. गिऱ्हाइकांचे नंबर सगळे तिच्याच फोनमध्ये. कारखान्याचा कुठूनतरी मिळवलेला नंबर नुसता वाजत राहिला, सुट्टीच्या दिवशी ऑफिसात कोण बसणार?

"काका, चला," मी म्हटलं. त्यांनी कप तसाच ठेवला.

रस्त्यावर खरेदीला आलेल्यांची ही गर्दी. गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. एरवी मी खिडकीतून डोकं काढून चार शब्द सुनावले असते, त्या दिवशी मी फक्त वाऱ्याकडे बघत होतो. एका दुकानावरचा फलक दोरीवर गिरक्या घेत होता. फुगेवाल्याचे फुगे आडवे झाले होते. काका एकदाच बोलले, "साहेब, मी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "गाडी चालवा." मी देवाचं नाव घेणाऱ्यांतला नाही, पण त्या वाटेत घेतलं.

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा मंडप उभा होता. बाकी काही मला दिसलंच नाही. मग दिसलं, की छताचं कापड फुगून वर येतंय आणि पुन्हा खाली बसतंय. खाली गाणी चालू होती, लोक जेवत होते, पोरं टेबलांखालून पळापळी खेळत होती. धाकटी स्टेजपाशी तिथल्या मॅनेजरबाईंशी हसून बोलत होती. मला बघताच तिचा चेहरा पडला. ती तरातरा माझ्याकडे आली.

"दादा, इथे तमाशा नको. हात जोडते."

मी शेजारच्या पिंपाला पायाने ढोसलं. झालर हलली आणि पिंप आपलं निमूटपणे बाजूला सरकलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग दुसऱ्याकडे, मग वर छताकडे. मी ओरडायला तोंड उघडलं तर तिने माझं मनगट करकचून धरलं.

"ओरडू नकोस. ओरडलास तर सगळे एकदम दाराकडे धावतील. पोरं चेंगरतील."

ती वळली, स्टेजवर गेली आणि माइक घेतला. तिच्या आवाजात कापरं नव्हतं. घरी झुरळ दिसलं तरी किंचाळणारी ही माझी बहीण हसत म्हणाली, "मंडळी, सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचाय. ताटं आहेत तिथेच राहू द्या, फाटकाजवळ उजेड छान आहे. पोरांना उचलून घ्या. पहिली रांग आजी-आजोबांची." मॅनेजरबाई गोंधळून बघत राहिल्या. धाकटीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. बाई शहाण्या होत्या. त्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या आणि त्या माणसं हाकायला लागल्या.

लोक निघाले, पण लग्नाला आल्यासारखे रमतगमत. कुणी केस नीट करतंय, कुणी मागे राहिलेल्या बहिणीला हाक मारतंय. मला वाटत होतं, एकेकाला मानगूट धरून बाहेर फेकावं. मी नळाला पाइप लावला आणि वाऱ्याच्या बाजूचं पहिलं पिंप भरायला घेतलं. धार करंगळीएवढी. त्या धारेने ते पिंप भरायला संध्याकाळ झाली असती. काका आणि दोघं-तिघं वाढपी खांबांना लटकून उभे राहिले. एक आजोबा जागचे हलायला तयार नव्हते. फोटो मला आवडत नाहीत, म्हणाले, आणि जेवत राहिले. शेवटी काकांनी खांब सोडला आणि आजोबांना खुर्चीसकट उचलून नेलं. आजोबांनी ताट सोडलं नाही.

मंडप रिकामा झाला. मी सगळ्यांना खांब सोडून बाहेर व्हायला सांगितलं. वाढपी पळाले. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं मनाशी म्हणून मीही बाहेर आलो, आणि पलीकडच्या कोपऱ्यात धाकटी दिसली. तिने खांबाचा दोर हाताला गुंडाळून घेतला होता आणि अंगाचा सगळा भार टाकून ती उभी होती.

"सोड तो," मी ओरडलो.

"वारा पडेल आता. तू तो कोपरा धर."

"सोड म्हणतो ना."

"तू नेहमी हेच म्हणतोस."

तेवढ्यात वारा आला. आधी ताटं उडाल्याचा आवाज झाला, मग टेबलक्लॉथ उठले. अख्खं छत एका दमात वर गेलं आणि त्याच्याबरोबर खांब, आणि खांबांना बांधलेली आमची झालरवाली पिंपं खुळखुळ्यासारखी हवेत नाचायला लागली. धाकटी चार पावलं फरफटत गेली. तिने दोर सोडला नाही. माझा गुडघा वर्षभर धड चालू देत नाही, पण मी धावलो. कसा ते मला माहीत नाही. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि त्याच क्षणी तिचे पाय जमिनीवरून सुटले. मी तिच्या कानात ओरडत होतो, सोड, सोड, आणि ती दात आवळून मान हलवत होती. मला कळलं, ही सोडणार नाही. मी हंगामभर तिला हेच सांगितलंय, या मंडपाचा नाद सोड. माझ्या तोंडून तिला हा शब्द ऐकूसुद्धा येत नाही.

"जाऊ दे हा," मी म्हटलं. "आपण दुसरा घेऊ. याहून मोठा घेऊ."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अगदी जवळून. मग तिने हात फिरवून दोराचा वेढा मोकळा केला, आणि आम्ही दोघं सिमेंटवर आदळलो. मंडप आमच्या डोक्यावरून गेला. आवाराची भिंत ओलांडताना तो मधोमध फाटला, एक खांब भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या कामगारांच्या बसच्या काचेतून आरपार शिरला, आणि उरलेलं कापड बराच वेळ भिंतीवर आपटत राहिलं. बस रिकामी होती. फाटकाशी आजी-आजोबांची रांग फोटोसाठी उभी होती तशीच उभी होती. मग एक पोर रडायला लागलं आणि सगळे एकदम बोलू लागले.

मॅनेजरबाई धावत आल्या, कुणाला लागलं का विचारलं आणि लोकांकडे परत गेल्या. मला रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी धाकटीवर खेकसलो, हात दाखव. तिच्या तळव्यांची सालटी निघाली होती. पाइपातून अजून धार चालू होती. मी तिला ओढत तिथवर नेलं आणि तिचे हात पाण्याखाली धरले. तिने सुस्कारा टाकला, हात मागे घेतले नाहीत.

"खरं बोललास," तिने विचारलं, "की मला सोडायला लावायला?"

"सोडायला लावायला," मी म्हटलं. या वयात तिच्याशी काय खोटं बोलायचं.

तिने मान हलवली. भिंतीवरच्या कापडाकडे बघत राहिली.

"दादा, एकदा जरी असं आधी म्हणाला असतास ना," ती म्हणाली, "तर मी तुझा फोन उचलला असता."

मी तिचे हात धुत राहिलो. पाण्याला आता जरा जोर आला होता.