अप्पांच्या विहिरीचे पाणी

पेला नाकाशी नेल्याशिवाय अप्पा पाणी ओठांना लावत नसत. घरात त्यावरून थट्टा चाले. थोरल्या लेकीने मात्र ती सवय उचलली आणि पुढे भूजलशास्त्रात आयुष्य घातले. तपासल्याशिवाय काही गळी उतरवायचे नाही, हे वडिलांकडून आलेले शास्त्र, असे ती विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगे.

युद्धात अप्पा परदेशात, पलटणीच्या पाणी विभागात होते; तिथल्या एका गावाची विहीर त्यांनी उपसून दिली होती. त्यांच्या पश्चात धाकट्याने त्यांच्या नावाने पाणपोई बांधली. ‘परक्या गावाची तहान भागवणारा जवान’ अशी पाटीही कोरून घेतली. उद्घाटनाला त्याच परदेशी विहिरीचे पाणी हवे, म्हणून त्याने बहिणीला पिटाळले होते.

विहीर सापडली एका शिंप्याच्या दुकानामागे, लोखंडी झाकणाखाली. शिंप्याच्या म्हाताऱ्या आईने अप्पांचा फोटो डोळ्यांशी नेला. गाडीचा ड्रायव्हरच दुभाषा होता.

“हाच, म्हणतायत. विहीर यानंच उपसली. रोज पहिला पेला स्वतः प्यायचा, मग गावाला द्यायचा.”

थोरलीचा ऊर भरून आला. म्हातारी बोलतच राहिली; ड्रायव्हर मात्र गप्प झाला.

“सांगा की.”

“राहू द्या ना, बाई.”

“जे बोलतायत ते सांगा. मध्ये गाळणी लावू नका.”

“पलटण मागे हटताना यानंच रातोरात विहिरीत डिझेल ओतलं. शत्रूला पाणी मिळू नये, असा हुकूम होता म्हणे. सकाळी या आजींचा भाऊ पाण्यासाठी नदीवर गेला. वाटेत सुरुंग होते. म्हणतात, आदल्या संध्याकाळी हा जवान एक शब्द बोलला असता, तर आम्ही भांडी भरून ठेवली असती.”

एका आठवणीवर निष्कर्ष काढायचा नसतो. थोरलीने झाकण काढायला लावले, दोरीला बाटली बांधून तळाशी सोडली, गाळ ढवळला. आसपास ना पेट्रोल पंप, ना गॅरेज. तरी वर आलेल्या पाण्यावर रंगीत तवंग होता. मातीत मुरलेले तेल पिढ्या ओलांडते, हे तिनेच शिकवलेले. तिने बाटली नाकाशी नेली.

“एवढं विचारा. पिण्याआधी तो वास घ्यायचा का?”

म्हातारीने मान हलवली. नाही, घटाघट प्यायचा.

म्हणजे सवय नंतरची. ज्याला ती जन्मभर शास्त्र म्हणत आली, ते एका गप्प बसलेल्या माणसाचे भय होते. आणि त्या माणसाची आता उलटतपासणीही घेता येत नव्हती. 

संध्याकाळी तिने धाकट्याला फोनवर सगळे सांगितले.

“हुकूमच होता ना, ताई? मग अप्पांचा काय दोष?”

“ओतायचा हुकूम होता. गप्प बसायचा नव्हता.”

“अगं, पाटी लागलीय, पाहुणे ठरलेत. तिथलं इथे कशाला उकरतेस? हॉटेलच्या नळाचं पाणी आण. कोणाला कळणार आहे?”

“विहिरीचंच आणते. पहिला पेला तू प्यायचास, सगळ्यांसमोर. अप्पा तिथे प्यायचे तसा, वास न घेता.”

 तिने फोन ठेवला, बाटलीचे बूच घट्ट आवळले आणि प्रत्येक नमुन्यावर लावते तशी चिठ्ठी लावली. ‘दूषितीकरणाचा स्रोत’ या रकान्यात तिने, वळणदार अक्षरात, अप्पांचे संपूर्ण नाव लिहिले.