काच कोणाकोणासाठी थरथरली

काउपाला पुरून बरेच दिवस झाले होते, पण त्याच्या दुखवट्याचा मांडव अजून भरलेलाच होता. निळ्या ताडपत्रीखाली अख्खं येग्ले गाव बसलं होतं. बायकांनी अंगाला सुतकाचा चिखल फासला होता, पुरुष सुपारी चघळत होते आणि भाजलेल्या रताळ्यांवर डुकरं टपून होती. रडणं मात्र थांबलं होतं. सगळ्यांच्या नजरा मधल्या टेबलाकडे होत्या. टेबलावर, पाठीला भलंमोठं पोक आलेला, एक जुनाट कॉम्प्युटर मॉनिटर होता. पांढऱ्या पडद्यावर काळा क्रूस उभा होता.

मॉनिटरला खेटून कुरा बसला होता. कुरा म्हणजे नदीपलीकडून आणलेला ग्लासमन. माणूस मेला की तो कोणाच्या चेटकाने मेला, हे काचेत बघून सांगणारा. या धंद्यातली जुनी माणसं आरशाच्या तुकड्यावर भागवत. कुरा काळाबरोबर पुढे गेला होता.

"ही साधी काच नव्हे," तो सांगत होता. "आरसा तुम्हाला तुमचंच थोबाड दाखवतो, ही पोटातलं दाखवते. चेटकिणीच्या पोटात सांगुमा बसलेला असतो, उंदराएवढा. तो समोर आला की काच थरथरते. मी काही करत नाही. मी फक्त बसतो."

"आणि डुक्कर घेतोस," मागून कोणीतरी म्हणालं.

"डुक्कर काच घेते," कुरा शांतपणे म्हणाला. "मी फक्त खातो."

लोक हसले. ताडपत्रीच्या कडेला उभ्या असलेल्या रेजिनाला हसू आलं नाही. ती गावच्या शाळेची मुख्याध्यापिका. मागच्या पावसाळ्यात वरच्या गावात असाच एक ग्लासमन आला होता. पोलीस दुसऱ्या दिवशी पोचले आणि राखेचे फोटो काढून गेले. त्याने चेटकीण ठरवलेल्या बाईचं नाव आता कोणी घेत नव्हतं.

कुराने बायकांना एकेक करून काचेसमोर उभं केलं. काउपाची आत्या आली, क्रूस हलला नाही. शेजारीण आली, हलला नाही. शेजारीण इतकी खूश झाली की परत एकदा उभी राहायला निघाली होती. मग काउपाची बायको आगाथा आली. कुराने डोळे मिटले, काचेच्या बाजूला कलला आणि अंगात आल्यासारखा डोलू लागला. पडद्यावरचा क्रूस पाण्यात पडलेल्या काठीसारखा वाकला, कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग पसरला आणि सगळं चित्र थरथरायला लागलं.

तरण्या पोरांनी गवतातले कोयते उचलले, आवाज न करता.

"वहिनी," काउपाचा धाकटा भाऊ नीमे म्हणाला, "आता तूच सांगून टाक. त्रास वाचेल."

"कोणाचा?" आगाथाने विचारलं.

चेटकीण नावाचं काही नसतं, हे वाक्य रेजिनाच्या जिभेवर होतं. पण ते उच्चारलं की पुढचा प्रश्न काय येणार, हे तिला ठाऊक होतं. मास्तरीणबाईंना हिची एवढी कणव का? आणि पुढच्या खेपेला काचेसमोर त्याच. तेव्हा ती पुढे झाली आणि म्हणाली, "हा मॉनिटर बिघडलाय."

"काय?" कुराने एक डोळा उघडला.

"चित्र थरथरतंय. आमच्या शाळेतलेही असेच थरथरायचे. आधी दुरुस्त करून घेऊ. आगाथा काही पळून जात नाही, तिच्या चारी बाजूंना तुम्हीच उभे आहात."

गावचा म्हातारा मोन्डो याला रीतसर चाललेला कुठलाही खटला आवडे. तो म्हणाला, "बघू दे बाईंना. डुक्कर दिलंय आपण. नासक्या काचेचा निकाल कोण मानील?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," रेजिना वर्गात बोलावं तशी मोठ्याने म्हणाली. "बाकी सगळं जिथल्या तिथे. आगाथा, तू हलू नकोस. कुराभाऊ, तुम्हीही डोलत राहा."

तिने मागच्या वायरीचे स्क्रू आवळले. थरथर तशीच. कॉफीच्या व्यापाऱ्याकडून आणलेला जनरेटर तिने थोडा मंद करायला लावला. क्रूस आक्रसला, पुन्हा फुगला, पण त्याचं डोलणं कुराच्या डोलण्याबरोबरच चालू राहिलं. टेबलावरचा रेडिओ तिने लांब नेऊन ठेवला. काही फरक नाही. लोक आता गुडघ्यांवर उभे राहून बघत होते. कोणी म्हणे वायर, कोणी म्हणे पेट्रोल. क्षणभर काउपाला सगळेच विसरले.

"आता तुम्ही जरा बाजूला व्हा, कुराभाऊ."

"मी उठलो तर काच आंधळी होईल."

"मग बसा. गळ्यातली झोळी तेवढी काढून द्या."

कुराचं डोलणं थांबलं, आणि पडद्यावरची थरथरही थांबली. हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. त्याने छातीवरची विणलेली झोळी दोन्ही हातांनी दाबून धरली. "यात माझ्या बापाची हाडं आहेत. हात लावील तो संध्याकाळच्या आत मरेल."

गर्दी मागे सरकली. रेजिनाला झोळीत काय असणार याचा अंदाज आला होता. शाळेतली थरथर प्रार्थनेचा मोठा स्पीकर हलवल्यावर थांबली होती, हे तिला नीट आठवत होतं. तरीही तिचा हात पुढे होईना.

आगाथाचा झाला. "माझी संध्याकाळ तुम्ही आधीच ठरवून टाकलीय," ती म्हणाली, आणि तिने झोळी त्याच्या गळ्यातून उपसून काढली. "बराच जड होता की रे तुझा बाप."

झोळी घेऊन ती कुंपणापर्यंत चालत गेली. क्रूस सरळ झाला, कोपऱ्यातला डाग तेवढा राहिला. ती परत आली. क्रूस वाकला. पुन्हा गेली, पुन्हा आली. मग तिने झोळी नीमेपुढे धरली. "घ्या भाऊजी. तुमच्या हातात काय करते बघू."

सगळ्यांच्या देखत नाही म्हणणं नीमेला जमलं नाही. झोळी हातात घेऊन तो काचेजवळ गेला. क्रूस कमरेत मोडला.

काच झोळीमुळे हलते, हे गर्दीला समजायला हवं होतं. समजलं भलतंच.

"नीमे?" कोयतावाल्यांपैकी एकजण हळूच म्हणाला.

"त्याला भावाची कॉफीची झाडं हवीच होती," आत्या म्हणाली. "मला आधीपासून वाटत होतं."

"मलाही," शेजारीण म्हणाली.

दोन कोयते वळले. नीमेच्या ओठांचा रंग उडाला. एका जिवाला सोडवताना आपण दुसरा पुढे केला, हे रेजिनाच्या ध्यानात आलं. तिने नीमेच्या हातातून झोळी हिसकावली आणि काचेला लावली. क्रूस गदगदा हलला.

"मी पण चेटकीण," ती म्हणाली. "मोन्डोकाका, धरा."

"मी कशाला?"

"धरा म्हणते ना."

मोन्डोच्या हातातही काच थरथरली. चर्चच्या उपदेशकाच्या हातात तर सगळ्यांत जास्त थरथरली, कारण तो स्वतःच थरथरत होता.

"आता कोणाकोणाला जाळायचं ते ठरवा," रेजिना म्हणाली. "आणि लाकडं पुरतील का तेही बघा."

तिने झोळी टेबलावर उपडी केली. चिंध्यांतून कोंबडीचं एक हाड पडलं आणि त्यामागून स्पीकरमधून काढलेला काळा, गोल लोहचुंबक. तो तिने जवळच्या कोयत्याच्या पात्याला लावला. ठक्कन चिकटला. कोयतावाल्याला तो ओढून काढायला दोन्ही हात लागले.

"या मॉनिटरमधल्या नळीत मागून पुढे विजेचे कण फेकले जातात," ती म्हणाली. "ते काचेवर आदळतात, तिथे चित्र उमटतं. लोहचुंबक जवळ आला की कणांची वाट वाकते. या कुराने तो डोलवला की चित्र डोलतं. याला आधीच कोणीतरी जी बाई दाखवून ठेवली होती, तिच्या वेळी हा कलला. बाकीच्यांच्या वेळी मागे रेलून बसला. एवढंच."

कुरा म्हणाला, "मी फक्त बसलो होतो." डुक्कर परत करायला त्याने नकार दिला. ते शिजलं होतं.

"ते ठीक आहे," मोन्डो बऱ्याच विचारानंतर म्हणाला. "पण मग काउपाला मारलं कोणी?"

"कोणी नाही. रक्तदाब होता. दवाखान्यातल्या नर्सने गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी बियर चढत नाही म्हणून त्याने गोळ्या सोडल्या."

"गोळ्या तर त्याचा चुलतभाऊही घेत नाही. तो जिवंत आहे."

यावर पुष्कळांनी माना डोलावल्या. रेजिनाने आगाथाचा दंड धरला आणि तिला बाहेर काढलं. वाट कोणी अडवली नाही. दिली असंही नाही.

शाळेच्या पायवाटेवर आगाथा थांबली. "एक विचारू, बाई? त्याच्या झोळीत तुम्हाला न कळणारं काही निघालं असतं, तर?"

रेजिना तशीच वळली, ताडपत्रीखाली परत गेली आणि टेबलाशी उभी राहिली.

"मघाशी मी एक चूक केली," ती म्हणाली. "मला लबाडी सापडली म्हणून आगाथा सुटली, असं तुम्हाला वाटू दिलं. मला काही सापडलं नसतं तरी तिने काही केलेलं नव्हतं. उद्या कोणी दुसरं यंत्र आणेल. ते कसं चालतं मला सांगता येणार नाही. तेव्हाही बाई बाईच असेल, चेटकीण नसेल. माणूस मेला की कोणी मारला हे विचारू नका, कशाने मेला ते विचारा. नर्सला विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहीत नाही म्हणा. माहीत नाही म्हणायला लाज कसली? पण माहीत नसताना कोयता उचलू नका."

काहींनी कोयते गवतात ठेवले. काहींनी ते फक्त दुसऱ्या हातात घेतले.

आगाथाने घराचं नाव काढलं नाही. तिने शाळेच्या खोलीत चटई टाकली, आणि रेजिना बाहेर पडल्यावर दाराला आतून बाक सरकवून लावला.