गादीवर उमटलेली भिंगरी

भिंगरी वरच्या मजल्यावरून "येते गं आत्या" असं ओरडून निघायची, आणि ते शब्द जिना उतरून खाली पोचायच्या आत ही कोपरा ओलांडून पार. खोटं वाटतं? वाटू दे. तिला भिंगरी उगीच नव्हते म्हणत.

आणि अशी ही पोरगी या हिवाळ्यात बंदिस्त मैदानातल्या, छपराखालच्या तीन शर्यती धावली आणि तिन्हींत तिसरी आली. साठ मीटरच्या शर्यती. माणसाला एक जांभई पुरी करायला लागतो तेवढा वेळ. पन्नास मीटरपर्यंत ही पुढे, आणि शेवटी कोण जाणे काय व्हायचं, दोघीजणी अलगद तिच्या पुढून निघून जायच्या.

सोमवारी दुपारी बाबांच्या गादी कारखान्यात ती कापसाच्या गोणीवर बसून हाच हिशोब करत होती. रविवारी निवडीची शर्यत. पहिल्या दोघींना संघात जागा. आणि अठरा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर नाहीच.

"काय गं तिसरे, चहा घेणार?" आत्यानं विचारलं. आत्या गादीची कड शिवत होती. हातभर लांब सुई, आणि जीभ त्याहून लांब.

"आत्या, चिडवू नकोस ना."

"बरं, मग उठ आणि गोदामातली फरशी पूस. तुझ्या बुटांनी पार वाट लावलीय. उद्या तिच्यावर पांढरं कापड पसरायचंय मला."

भिंगरीचा सराव कारखान्यामागच्या लांबलचक गोदामात चालायचा. बाहेर थंडीनं हात गोठायचे, म्हणून बाबांनी शिवणकामाची टेप लावून साठ मीटर मोजून दिले होते. शेवटी खडूची रेघ. रेघेपुढे चार पावलं जागा, आणि मग भिंत.

ती ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली. रेघेपुढचे काळे पट्टे पुसले. मग रेघेच्या अलीकडचे. पुसत पुसत मागे सरकली, तरी पट्टे संपेनात. रेघेच्या सहा पावलं अलीकडून ते सुरू झाले होते.

फडकं हातातच राहिलं.

"आत्या, मी रेघेच्या आधीच थांबायला लागते गं!"

"मग? भिंतीवर आपटायचं का? तुझा बाबा तरी गाडी भिंतीत घालतो का?"

"पण मैदानात भिंत कितीतरी लांब असते!"

"ते तुझ्या पायांना कुणी सांगितलंय?"

संध्याकाळी तिला धावणं शिकवणाऱ्या मॅडम आल्या. पट्टे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "सगळे म्हणत होते तुझी सुरुवात कच्ची आहे, म्हणून मी कायम त्या टोकाला उभी. हे टोक कधी बघितलंच नाही. तीन महिने मी तुला थांबायचाच सराव दिला की गं."

 बाबा बोलायचेच कमी. आत गेले, आणि कारखान्यातली सगळ्यात जाड डबल गादी ओढत आणून त्यांनी भिंतीला उभी केली.

"धडक," म्हणाले.

पहिल्या दिवशी भिंगरी गादीपाशी येऊन अशी थांबली, जणू आत कुणी झोपलंय. दुसऱ्या दिवशी खांदा लागला. तिसऱ्या दिवशी आत्या सुई खोचून उठली.

"हे बघ, ही गादी मी भरलीय. कापूस हात आखडून भरलेला नाही. माझी शिवण उसवलीस तर तुला जिलेबी खाऊ घालून सलाम करीन. ये!"

भिंगरी आली. धप्प! गोदामाचे पत्रे हलले, आणि शेजारच्या गल्लीतल्या कोंबड्यांनी त्या दिवशी दोनदा अंडी घातली म्हणतात. गादी तशीच उभी. शिवण शाबूत. भिंगरी खाली बसून हसत सुटली.

रविवारी छपराखाली सहा जणी रांगेत वाकल्या. पिस्तूल वाजलं. भिंगरीची सुरुवात अजून कच्चीच होती, खोटं का सांगू. तीस मीटरला ती तिसरी, पन्नासला पहिली. आणि मग पायांनी सवयीनं विचारलं, थांबू का? समोर लांबवर निळी जाड गादी उभी होती. कुणी शिवली होती कोण जाणे. भिंगरीनं ती आत्याचीच मानली आणि रेघ मागे टाकून थेट तिच्यात घुसली.

उठून बघते तर फळ्यावर तिचं नाव दुसरं. तिसरीपेक्षा एक शतांश सेकंद आधी. एवढ्या वेळात आत्याची जीभसुद्धा हलत नाही.

"आता तुला काय म्हणायचं, दुसरे?" आत्यानं विचारलं, आणि डोळे पुसायला पदर शोधू लागली.

बाबांनी ती डबल गादी विकली नाही. मधोमध भिंगरीच्या आकाराचा खड्डा पडलाय. आत्या दुपारी त्यातच झोपते, आणि म्हणते, स्वप्नातसुद्धा माझे पाय थांबत नाहीत मेले.