रेघ न आलेला ताका

मी गोडादऱ्याच्या एका खात्यातला माग बोलतोय. माग चालतात त्या शेडला आमच्या सुरतेत खातं म्हणतात. या खात्यात आता मी एकटाच उभा आहे. माझ्या रांगेतले सगळे घणाखाली तुटले आणि टेम्पोत भरून गेले. ते उभे होते तिथे फरशीवर तेलाचे काळे चौकोन उरलेत. त्या रिकाम्या चौकोनांतून मला अजून त्यांची खटखट ऐकू येते.

मी इथलाच. उधन्याच्या फाउंड्रीत ओतलेलं लोखंड. पुष्कळ कारागीर माझ्यावर उभे राहिले आणि गावी परतले. कुणाचा हात जड, कुणाचा चिडका. शेवटी योगराज आला. मूळचा पारोळ्याकडचा, राहायला डिंडोलीत. त्याचा हात माझ्यावर पडला की मी गप चालायचो.

लहान भाऊ ललित त्याचा डबा घेऊन यायचा. त्याने आठवीत मास्तरांशी भांडून शाळा सोडली होती. पुढे योगराजने त्यालाही माग शिकवला.

एकदा चहा पिताना ललितने विचारलं, "भाऊ, हे सूत येतं कुठून?"

"चीनमधून. जहाजानं."

"अन् कापड जातं कुठं?"

"आपण विणायचं, मिलवाले रंगवणार, बांगलादेशात जाकिटाला अस्तर लावणार. विकणार ती थंड मुलखातली मोठी कंपनी. तिचा स्वतःचा एक माग नाही."

"मग ती करते काय?"

"नाव लावते." योगराज हसला. "शेठ सांगत होता, ज्याला जे दुसऱ्यापेक्षा परवडतं ते त्यानं करावं, बाकीचं बाहेरून आणावं. जगाचा व्यापार असाच चालतो."

"मग आपल्याला काय परवडतं?"

"आपल्याला? उभं राहणं. आपल्याइतकं स्वस्तात कोणी उभं राहत नाही रे."

दोघं खूप हसले. मला हसू आलं नाही. मी त्याचे सुजलेले पाय रोज बघत होतो.

त्या कंपनीची माणसं माल तपासायला यायची. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून कापड ओढत न्यायची. त्यांना सगळ्यात राग रेघेचा. माग बंद पडून बऱ्याच वेळाने चालू झाला, की कापडावर एक आडवी रेघ उमटते. आधीचं विणणं आणि नंतरचं विणणं वेगळं दिसतं. योगराज ती उमटू द्यायचा नाही. शेवटचे दोन-तीन आडवे धागे उसवायचे, ताण थोडा सैल करायचा, बाजूचं चाक हाताने फिरवून फणी कापडाला टेकवायची आणि मगच माग सोडायचा. ललितला त्याने टपल्या मारून हेच शिकवलं होतं.

मग कंपनीचा निरोप आला. यापुढे माल पाण्याच्या फवाऱ्यावर चालणाऱ्या नव्या यंत्रांचाच घेऊ. यंत्रं चीनमधूनच आली. त्यांचे खोके अंगणात उभे राहिले. शेठने आम्हाला भंगारात काढलं आणि अट घातली, की इथेच फोडून न्यायचं. नाहीतर कुणी दुसरा आम्हाला चालवून माल स्वस्तात काढील. आम्हालाही आमचीच स्पर्धा!

त्याच दिवसांत योगराजच्या डोळ्यांत कावीळ उतरली. ताका, म्हणजे कापडाचा एक आख्खा तागा, माझ्यावर अर्धा विणलेला होता. "उद्या येतो," असं तो खात्यावर देखरेख करणाऱ्या सुकदेव मास्तरांना म्हणाला, तो परत आलाच नाही. मी तसाच उभा राहिलो, अंगावर त्याचं अर्धं कापड घेऊन. इतर माग फुटताना मला फक्त त्या कापडामुळे ठेवलं. ताका ऑर्डरीतला होता, तो पुरा करून द्यायचा होता.

काल दुपारी ललित आला. सोबत त्याची आई उषाबाई. दाराशी पायताण काढून, देवळात यावं तशी आत आली. आज योगराजचं उत्तरकार्य, दुखवट्याचे कपडे घेऊन पाहुणे यायचे होते. आणि ललित सगळ्या नातलगांसमोर बोलून बसला होता, "भाऊच्या फोटोपुढं भाऊनं विणलेलं कापड ठेवीन." योगराजने जन्मभर कापड विणलं, पण त्यातला एक वारही घरी आला नव्हता. सगळं बाहेरच जायचं.

"मास्तर, अर्धं आहे तसं कापून द्या," ललित म्हणाला.

"माझ्या बापाचं आहे का? ऑर्डरीतला ताका आहे." सुकदेव मास्तर तोंडाने कडक, पण उषाबाईंकडे त्यांना बघवेना. मग ते हळूच म्हणाले, "हे बघ. पुरा कर. रेघ आली, की माल नापास. नापास माल कंपनी घेत नाही. मग काय न्यायचं ते ने."

"आणि रेघ नाही आली तर?"

"तुझ्या हातून? रेघ नाही आली तर मिशी उतरवीन, ललित्या."

किती सोपं काम होतं! काही न करता नुसता खटका दाबायचा. इतके दिवस मी बंद होतो, रेघ बोटभर रुंद आली असती. ललितने खटक्याकडे हात नेला. मी वाट बघत होतो. हात तिथे पोचलाच नाही. तो कापडाकडे वळला. शेवटचे धागे उसवले. ताण सैल केला. चाक धरलं.

मी लोखंड आहे, मला खोटं बोलता येत नाही. चाकावर ललितची बोटं होती, पण दाब योगराजचा होता. तोच अंगठा, तेच थांबून थांबून फिरवणं. मला वाटलं, तो उद्या म्हणाला होता, आणि उद्या आला.

मी चाललो. रिकाम्या खात्यात माझा एकट्याचाच आवाज. ललित रडत होता आणि तुटलेला प्रत्येक धागा नीट जोडत होता.

ताका उतरला. मास्तरांनी उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा धरला. त्यांचा हात मिशीवर गेला. "पास आहे रे," ते कसंबसं म्हणाले. "असं का केलंस बाबा?"

ललितला तेव्हा कळलं आपण काय करून बसलो ते. त्याने तेलाची बुधली उचलली. एक डाग पुरेसा होता. बुधली कापडावर तिरपी झाली आणि तिथेच थांबली. "भाऊच्या कापडावर?" असं स्वतःलाच म्हणून त्याने ती भिंतीवर फेकली. मग गुडघ्यांवर बसून उसवलेले धागे शोधू लागला. ते तरी योगराजचे होते. पण फरशीभर तसलेच धागे पडले होते, सगळे सारखे.

उषाबाई ललितजवळ आली. "भाऊ, कोठलोंग योगराजनं शे? माले दखाड ना."

कुठवर योगराजचं, ते तिला बघायचं होतं. ललितने तळवा कापडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. परत फिरवला. "दखात नही, माय. कोठेच नही दखात."

तिनेही हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "मंग आख्खंच त्यानं शे."

संध्याकाळी टेम्पो ताका घेऊन गेला. सूत आलं होतं त्या समुद्राकडेच तोही आता जाईल. दुखवट्याला फोटोपुढे काय ठेवलं, मला कळलं नाही.

आता घणवाले आलेत. बाहेर बिड्या ओढतायत. आणि ललित, उत्तरकार्य उरकून, मुंडण केलेलं डोकं तसंच उघडं, तू परत दारात येऊन उभा आहेस. तुला कुणी बोलावलं होतं? नव्या यंत्रावर मास्तर तुला घेतील, घेतलं तर जा. पण आज इथे थांबू नकोस. माझ्यात अजून तुझा भाऊ चालतोय. पहिला घण पडेल तेव्हा मी त्याच्याच आवाजात ओरडेन. घरी जा, मायजवळ बस.