पसाऱ्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे आणि सध्या माझे चित्त मुळीच थाऱ्यावर नाही.

एका सुताराने आपल्या बहिणीच्या लग्नासाठी मला घडवले. तिच्या घरात चाळीस वर्षे मी मिरवले. मग तिथे लोखंडी कपाट आले आणि माझी रवानगी तिच्या मुलाच्या भाड्याच्या खोलीत झाली. मुलगा गवंडी. त्याची बायको परदेशातली, नऊ वर्षांपूर्वी कागदपत्रांविना सीमा ओलांडून आलेली. मी तिला सूनबाईच म्हणते. माझे अडकणारे खण तीच मेण लावून सरकते ठेवते.

यंदा सरकारने नवा नियम काढला. नवराबायको खरोखर एकत्र नांदतात का, हे घरी येऊन तपासणार. शंका आली तर सूनबाई हद्दपार! आठवडाभरात कधीही येऊ, असे पत्र आले. गवंडी तीन दिवस घरी बसला. चौथ्या दिवशी कामावर गेला आणि नेमक्या त्याच दिवशी तपासनीस बाई आल्या.

त्या सकाळीच सासूबाई बाह्या सरसावून आल्या होत्या. "सरकारी माणसं येणार, घर कसं आरशासारखं हवं!" दोघींनी गवंड्याचे सगळे सामान माझ्या पोटात कोंबले. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

तपासनीस बाईंनी खोलीभर नजर फिरवली. "यजमान इथेच राहतात? मग त्यांची साधी चप्पलसुद्धा कशी दिसत नाही?"

सासूबाई तरातरा आल्या आणि त्यांनी माझी दारे उघडली. सिमेंटने माखलेल्या विजारी, दाढीचा ब्रश, फाटके बनियन, वास मारणारे मोजे, सगळे धबाधबा बाईंच्या पायांवर पडले.

"घ्या! हा पसारा काय शेजाऱ्याचा आहे?"

बाईंना हसू आवरेना. "लग्न खरं आहे, तसं लिहिते. पण तुमच्या सूनबाई परवानगीशिवाय देशात आल्या, त्याचा निर्णय वरचे साहेब घेतील."

"कधी?" सूनबाईने विचारले.

"ते सांगता येत नाही. विरोधात गेला, तर सात दिवसांत निघावं लागेल."

याला पाच महिने झाले. जिन्यात पाऊल वाजले की सूनबाई दचकते, आणि तिच्याबरोबर मीही. माझ्या तळच्या कप्प्यात तिने एक पिशवी भरून ठेवली आहे. तिच्यात दोन जोड कपडे, लग्नाचा दाखला आणि नवऱ्याचा एक सदरा आहे.

मित्रांनो, मला रंग नको, नवी कडीही नको. फक्त कोणीतरी तिला सांगा की ती पिशवी रिकामी कर, आणि तुझे कपडे नीट घडी घालून माझ्यात ठेव.